किसनरावांची दोरी

ज्या वर्षी वर्ध्याजवळच्या नव्या इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर आला, त्याच वर्षी गोपिकाच्या वडिलांचे शब्द गेले.

किसनराव म्हणजे बोलका माणूस. आर्वीपासून कोसभरावर त्यांची भाजीची वाडी होती, आणि बाजाराच्या दिवशी त्यांचं दुकान आवाजावरूनच ओळखू यायचं. मेथी विकताना ते गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशी करत आणि वांगी तोलताना त्याच्या बैलजोडीची. दिवाळी आटोपून तुळशीची लग्नं लागत होती, तेव्हा एका सकाळी ते विहिरीवर हात धुवायला वाकले आणि तिथंच बसले. उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. थोरला मुलगा दौलत त्यांना गाडीत घालून आधी आर्वीला आणि तिथून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. लकवा मारला होता. जीव वाचला. संक्रांतीपर्यंत पाय चालू लागला, हातातही थोडी ताकद आली. वाचा हळूहळू येईल, असं दवाखान्यात सांगितलं होतं. ती आलीही, पण भलतीच आली.

साखर हवी असली की किसनराव मीठ मागत. गाईकडे बोट दाखवून बैल म्हणत. मेथीची जुडी हातात घेऊन तिला सांभार, म्हणजे कोथिंबीर, म्हणत आणि बायकोनं खरोखरची सांभाराची जुडी पुढे केली की चिडत. गोपिका संक्रांतीला घरी आली, तेव्हा त्यांनी तिला मायेनं जवळ बसवून घेतलं आणि तिच्या आत्याच्या नावानं हाक मारली. चूक त्यांना कळत असावी, कारण कपाळावर लगेच आठी पडे. पण दुरुस्त करायला गेले की तिसराच शब्द बाहेर पडे, आणि मग ते हात झटकून गप्प होत. गल्लीतली पोरं हसत. हळूहळू मोठी माणसंही त्यांना काही विचारेनाशी झाली. किसनरावचं डोकं फिरलं, असं गावानं ठरवून टाकलं. घरानं ते नाइलाजानं मान्य केलं. गोपिकानंही केलं. गणितात एमएस्सी झालेली ती घरातली पहिली मुलगी, पण लकवा मारलेल्या माणसाच्या डोक्यात काय होतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग चैत्रात ती आग लागली.

भर दुपारची वेळ. दौलत जेवायला बसला होता. किसनराव अंगणातून घाईघाईनं आत आले आणि त्याची बाही ओढू लागले. "धुकं," ते म्हणाले. "धुकं आलं. धुकं." बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. दौलतनं त्यांना समजावून खाली बसवलं. ते उठले. त्यानं पुन्हा बसवलं, या खेपेला जरा जोरानं. ते हात सोडवून लंगडत परसाकडे पळाले. बापाच्या अंगात काय संचारलं म्हणून दौलत खरकट्या हातानं मागे गेला, तर गोठ्यामागची कडब्याची गंजी पेटली होती आणि किसनराव उघड्या हातांनी पेंढ्या ओढून बाजूला फेकत होते.

गाव धावून आलं. गोठा वाचला, गंजी गेली. किसनरावांचे तळहात भाजले. त्यांना बिडी ओढायची सवय होती, आणि आगीपाशी पहिल्यांदा तेच दिसले होते. कुणीतरी म्हणालं, यानंच पेटती बिडी टाकली असेल. ते बोलणं तिथंच चिकटलं. किसनराव प्रत्येकाला काहीतरी सांगू पाहत होते, पण तोंडातून एकच शब्द निघत होता, धुकं. आणि त्या शब्दानं लोकांची खात्रीच पटत होती.

त्याहून वाईट पुढे झालं. हातांच्या पट्ट्या सुटायच्या आत किसनराव दोरी मागू लागले.

पहिल्यांदा ते आनंदाबाईंनीच ऐकलं. नवऱ्याला त्या ताक देत होत्या. किसनरावांनी पेला बाजूला ठेवला, गोठ्याच्या आढ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "दोरी." आनंदाबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच, तेच आढं आणि तेच बोट. कधी विनवून म्हणत, कधी रागानं. त्या माउलीनं आढ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी पाहिलं आणि त्यातून जो अर्थ निघतो तो काढला. घरातल्या सगळ्या दोऱ्या तिनं गोळा करून शेजारी देऊन टाकल्या. गाई साखळीनं बांधल्या. विहिरीची बादलीसुद्धा दोरासकट काढून ठेवली. किसनरावांची बाज आतल्या खोलीत गेली, आणि खोलीला बाहेरून कडी लागली.

हे सगळं गोपिकाला कळलं ते दौलत वर्ध्याला आला तेव्हा. वैशाख लागला होता. ती त्या नव्या कॉलेजात गणित शिकवायची आणि जवळच बोरगाव मेघ्याला एक खोली भाड्यानं घेऊन राहत होती, पण सुट्टी असूनही दिवसभर कॉलेजातच असे. दौलत तिला शोधत कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत आला. खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत आणि आत एवढं गार असे की उन्हातून आलेल्या माणसाला शिरशिरी यायची. तो दारातच उभा राहिला. जे झालं ते त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. अक्षय्य तृतीया झाली की बाबांना नागपूरच्या पागलखान्यात दाखवायचं ठरवलंय, तिथं ठेवून घ्या म्हणाले तर ठेवायचं, असंही सांगितलं. घरात लहान लेकरं आहेत, माय जेवत नाही, आणि आपल्याला शेत सोडून दिवसभर खोलीची राखण करता येत नाही.

"मले का हौस आहे?" तो म्हणाला. "पण उद्या त्यायनं काही करून घेतलं, तर तू मलेच विचारशीन ना, काऊन नाई नेलं म्हणून."

गोपिका म्हणाली, नेशील तेव्हा मला कळव, मीही येते. दौलत गेला. ती आत येऊन पडद्यासमोर बसली, पण बराच वेळ तिला पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती.

ती जे काम करत होती ते तिला स्वतःलाच कधीकधी वेडेपणाचं वाटे. नागपूरच्या चरडे सरांकडे, पुंडलिकराव चरड्यांकडे, ती पीएचडी करत होती. माणूस एखादी वस्तू पाहतो आणि तिचं नाव त्याच्या तोंडी येतं, एवढी साधी गोष्ट. पण पाहणं आणि बोलणं यांच्या मधे काय घडतं, याचा गणिती नमुना तिला बांधायचा होता. तिच्या प्रोग्रॅममध्ये एका बाजूला वस्तूचे गुण होते: ती हिरवी की पिवळी, लांब की गोल, खायची की बांधायची, घरातली की रानातली. दुसऱ्या बाजूला त्या वस्तूचं नाव. मधे शेकडो दुवे, आणि प्रत्येक दुव्याला एक आकडा. सुरुवातीला हे आकडे वाटेल ते असत. मेथीचे गुण दिले की यंत्र काहीबाही बरळे. मग त्या बरळण्यात आणि खऱ्या नावात किती अंतर आहे ते मोजायचं आणि ते अंतर कमी होईल अशा बेतानं प्रत्येक आकडा कणभर सरकवायचा. मग पुढचा शब्द, मग त्याच्या पुढचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी ती बापाबरोबर ओलीत करायला जायची. सगळ्या वाफ्यांना सारखं पाणी पोचावं म्हणून किसनराव दांडाच्या तोंडाशी इथं जरा माती टाकत, तिथं जरा काढत, आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचल्यावरच कंबर सरळ करत. तिचं यंत्र तसंच करत होतं, फक्त त्याला कंबर नव्हती.

शब्द तिनं घरचेच घेतले होते. भाज्या, जनावरं, भांडीकुंडी, अवजारं, पाऊसपाणी. पडद्यावर ते इंग्रजी अक्षरांत उमटत, पण बोली आर्वीची होती. महिनाभर आकडे सरकवून सरकवून यंत्र सगळे शब्द बिनचूक बोलायला लागलं, तेव्हा ती आनंदानं नागपूरला गेली. चरडे सरांनी कागद चाळले आणि परत केले.

"बरोबर बोलणं काय, पोपटही शिकतो," ते म्हणाले. "माणूस चुकतो तसं हे चुकतं का, ते पाहा. नाही तर हा विचाराचा नमुना नव्हे, नुसतं पाठांतर आहे."

तेव्हापासून ती अडून बसली होती. यंत्राला चुका कशा करायला लावायच्या, हे तिला उमगत नव्हतं. शिकताना ते चुके, पण त्या चुकांना काही आकारउकार नसे. आणि एकदा शिकलं की चुकायचं नावच घेत नसे.

दौलत येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती आकड्यांची फाइल फ्लॉपीवर उतरवत असताना, वीज गेली. उन्हाळ्यात ती रोजच जायची. तासाभरानं आली तेव्हा गोपिकानं फ्लॉपी पुन्हा लावली. फाइल अर्धीच उतरली होती. उरलेल्या आकड्यांच्या जागी यंत्रानं शून्यं धरली आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू लागलं. आता जुनी प्रत काढून नंतरचं सगळं पुन्हा शिकवावं लागणार, म्हणून ती वैतागली. तरी सहज, कितपत बिघडलंय ते बघावं म्हणून, तिनं मेथीचे गुण दिले.

पडद्यावर उमटलं, सांभार.

तिनं गाय दिली. बैल आला. साखर दिली, मीठ आलं. वांगं मात्र वांगंच आलं. पातेलं विचारलं तर कढई.

हे बरळणं नव्हतं. अर्धे दुवे तुटलेलं यंत्र बरोबर जागेच्या शेजारी जाऊन पडत होतं; वस्तू त्याला कळत होती आणि नावापाशी पाय घसरत होता. आणि घसरून ते जिथं पडत होतं, तिथंच तिचे बाबा पडत होते. मग बाबांनाही वस्तू कळत असणार. डोकं शाबूत असणार, वाट तेवढी तुटलेली.

खुर्चीवरून उठून तिनं खोलीत दोन-तीन येरझारा घातल्या आणि मग ती नीट विचार करायला बसली. बाबा म्हणत होते धुकं. त्यांच्या मनात काय होतं म्हणून धुकं बाहेर आलं? हे यंत्राला उलट विचारता येणार होतं. चांगल्या आकड्यांची जुनी प्रत तिच्याकडे होती. त्यातले कधी इथले, कधी तिथले दुवे तिनं मुद्दाम तोडले, प्रत्येक वेळी सगळे शब्द विचारले, आणि धुकं हे उत्तर धुक्याखेरीज कोणकोणत्या वस्तूंना येतं ते पाहिलं. क्वचित ढगाला येत होतं. पण पुन्हा पुन्हा, दुवे कुठूनही तोडले तरी, येत होतं ते एकाच वस्तूला. धुराला.

त्या दुपारी बाबा वेड्यासारखे ओरडत नव्हते. दौलतची बाही ओढून ते सांगत होते, धूर आलाय.

मग तिनं भीतभीतच दोरीचं विचारलं. खुद्द दोरी सोडली तर दोरी हे उत्तर यंत्र तीन वस्तूंना देत होतं. वेल, साप आणि तार. तिघांत एकही इतका पुढे नव्हता की त्यावर बोट ठेवावं. ती संध्याकाळपर्यंत दुवे तोडत आणि जोडत राहिली. तिन्ही नावं तशीच राहिली. यंत्रानं सांगायचं तेवढं सांगितलं होतं. पुढचं बाबांनाच विचारायला हवं होतं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती आर्वीला गेली आणि डेपोतून चालतच घरी पोचली. दौलत वाडीत होता. तिनं त्याला बोलावून घेतलं, आणि आई, दौलत आणि कुसुम वहिनी या तिघांना ओसरीवर बसवून, कॉम्प्युटरचं फारसं नाव न काढता, आपल्याला काय वाटतं ते सांगितलं. बाबांना सगळं समजतं, शब्द तेवढे शेजारचे येतात. दौलतनं विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तिनं खरं ते सांगितलं, की बिघडलेल्या यंत्रावरून तसं वाटलं, पण यंत्र म्हणतं म्हणून ते खरं मानू नका, आपण बाबांनाच विचारून पाहू. विचारायचं मात्र तोंडानं नाही. त्यांच्यासमोर वस्तू ठेवायच्या आणि त्यांना निवडू द्यायचं.

ती वाडीतून दोडक्याचा वेल तोडून घेऊन आली. दौलतच्या अवजारांतून तारेचा एक तुकडा काढला. सापाचं काय करावं कळेना, तेव्हा कुसुमनं भिंतीवरच्या कॅलेंडरातला शंकर दाखवला, त्याच्या गळ्यात होताच. शेवटी गोपिका आईकडे वळली.

"माय, एक दोरी पायजे."

"दोरी या घरात येणार नाई," आनंदाबाई म्हणाल्या.

गोपिकानं समजावलं, मी जवळच बसते, दादा दारात उभा राहील. दोरी समोर नसेल तर त्यांना तीच हवी होती की दुसरं काही, हे कळणार कसं? आनंदाबाई ऐकेनात. गेले कित्येक दिवस हा माणूस आपल्याकडे एकच वस्तू मागतोय आणि आपण ती त्याच्या नजरेआड ठेवलीय, म्हणून तो जिवंत आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या चुलीपुढे जाऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. गोपिका त्यांच्या शेजारी बसून राहिली. शेवटी आनंदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, शेजारच्या घरी गेल्या आणि पदराखाली झाकून दावं घेऊन आल्या. लेकीच्या हाती देताना त्यांनी ते क्षणभर सोडलंच नाही.

खोलीची कडी काढली. किसनराव बाजेवर बसले होते. दाढी वाढली होती आणि ते बारीक झाले होते. लेकीला पाहून हसले, आत्याच्या नावानं हाक मारली, आणि लगेच मान हलवून खाली पाहिलं. गोपिका जमिनीवर त्यांच्या पायाशी बसली. तिनं आधी सोप्या गोष्टी विचारल्या. लोटा, पेला, विळा समोर मांडून म्हणाली, बाबा, विळा दाखवा. त्यांनी डाव्या हातानं विळा उचलून दिला. पेला म्हटलं, पेला दिला. चुलीचा धूर दारातून दिसत होता. ती म्हणाली, धूर कुठं आहे? किसनरावांनी चुलीकडे बोट दाखवलं, मग ते बोट तसंच फिरवून परसाकडे, जळालेल्या गंजीच्या जागेकडे नेलं, आणि दौलतकडे पाहिलं. दौलतनं नजर खाली घेतली.

मग गोपिकानं वेल, शंकराचं कॅलेंडर, तारेचा तुकडा आणि दावं असं सगळं एका ओळीत त्यांच्यासमोर ठेवलं. आनंदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"बाबा," गोपिका म्हणाली, "तुमाले काय पायजे होतं?"

किसनरावांनी चारही वस्तू पाहिल्या. दाव्यावर त्यांची नजर थांबली. किसनरावांनी दावं उचललं. सगळ्यांना दाखवावं तसं वर धरलं, नाही नाही अशी मान हलवली आणि ते खोलीच्या कोपऱ्यात भिरकावून दिलं. मग तारेचा तुकडा उचलला, मुठीत घट्ट धरला आणि म्हणाले, "दोरी." ते म्हणतानाच शब्द चुकला हे त्यांना कळलं, त्यांनी तार गोपिकाच्या डोळ्यांपुढे हलवली आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून तिला उठवलं.

ते तिला ओढतच गोठ्यात घेऊन गेले. मागे दौलत, त्याच्यामागे दोघी बायका. आढ्याखाली उभं राहून किसनरावांनी वर बोट केलं. घरातल्या मीटरपासून विहिरीच्या मोटारीपर्यंत जाणारी वायर त्या आढ्यावरून नेलेली होती. मागच्या टोकाला, बाहेर गंजी होती त्या बाजूला, एक जोड होता. आगीत जुनी वायर जळाली, तेव्हा दौलतनं नवी टाकली होती, पण ती थोडी तोकडी पडली म्हणून त्याच जागी पुन्हा जोड दिला होता आणि वर चिंधी गुंडाळली होती. चिंधी अर्धी गळून पडली होती. उघडी तांब्याची तार लाकडाला घासत होती, आणि तिथलं लाकूड काळं पडलं होतं. खाली दौलतनं मागच्या आठवड्यात विकत आणलेला कडबा रचून ठेवला होता.

किसनरावांनी वायरीकडे बोट दाखवलं, मग कडब्याकडे, मग दोन्ही हातांनी भडका कसा उडतो ते दाखवलं. पट्ट्या सुटलेल्या तळहातांवर भाजल्याचे गुलाबी डाग होते. मग गंजीच्या जागेकडे हात केला आणि थकून गव्हाणीच्या कडेवर टेकले. एवढे दिवस जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगून टाकलं होतं.

दौलत पळत घरात गेला आणि मेन बंद करून आला. शिडी लावून वर चढला, जोड पाहिला, खाली उतरला आणि बापासमोर उभा राहिला.

"तो जोड मीच बांधला होता," तो म्हणाला. "पह्यलाही, अन् हाही."

किसनरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलले. शब्द कोणता होता ते नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. कुसुमला वाटलं, ते वासरू म्हणाले.

आनंदाबाई अजून आढ्याकडे पाहत होत्या. बाकीच्यांना जे कळलं होतं ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता, कारण त्यांनी दुसऱ्याच अर्थावर फार दिवस काढले होते.

"म्हणजे," त्या गोपिकाला म्हणाल्या, "त्यायले मरायचं नाई?"

"नाई, माय. त्यायले आपल्याले वाचवायचं होतं."

आनंदाबाई नवऱ्याजवळ गेल्या. चारचौघांत त्यांनी कधी त्याच्या अंगाला हात लावला नव्हता. आता त्याच्या शेजारी गव्हाणीवर बसल्या आणि त्याचे भाजलेले हात आपल्या मांडीवर घेऊन रडू लागल्या, मोकळेपणानं, मोठ्यानं, पोरासोरांसमोर. किसनराव त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गाय मधेच मान वळवून दोघांकडे बघून गेली.

पुढच्या आठवड्यात ते किसनरावांना घेऊन निघाले, पण नागपूरला नव्हे, वर्ध्याला. दवाखान्यात सुमित्राबाई नावाच्या एक डॉक्टरीण होत्या, त्यांनी तासभर बसून तपासलं. गोपिकानं यंत्राचं सांगितलं ते त्यांनी कुतूहलानं ऐकलं, पण म्हणाल्या की असं होतं हे डॉक्टरी विद्येला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावतो, समज बरीचशी टिकून राहते. दौलतनं विचारलं, मग हे आम्हाला दिवाळीत काऊन नाही सांगतलं? सांगायला हवं होतं, एवढंच बाई म्हणाल्या, आणि मग घरी काय काय करायचं ते समजावून दिलं. घाई करायची नाही. उत्तर तोंडून काढून घ्यायचं नाही. वस्तू पुढे ठेवायच्या, आणि शब्द चुकला तरी हसायचं नाही. ते स्वतः हसले तर मात्र हसायचं.

नागपूरला चरडे सरांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि गोपिकाला एकच ताकीद दिली, की यंत्रानं तीन उत्तरं दिली होती आणि त्यातलं खरं कोणतं ते एका माणसानं दाखवलं, हे लिहिताना विसरू नको. गोपिका विसरणार नव्हती. मोडलेल्या फाइलीवरून तिनं पुढे दोन वर्षं काम केलं. दुवे कसे तोडले असता कोणत्या चुका होतात, आणि पुन्हा थोडं शिकवलं तर कोणते शब्द आधी परत येतात, हे तिनं नीट मांडून काढलं. किसनरावांचे काही शब्द परत आले, काही आले नाहीत. मेथी आली. लेकीचं नाव पावसाळ्यात आलं, एका सकाळी, दाढी करता करता, आणि ते ऐकायला ती तिथं नव्हती. दौलतनं आर्वीहून कॉलेजात फोन करून सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दौलतनं मोटारीची वायर काढून टाकली, कडबा गोठ्याबाहेर हलवला आणि आर्वीला जाऊन अखंड नवी वायर घेऊन आला. आतल्या खोलीतली बाज ओसरीवर आली. कुसुमनं बेसन-भाकर केली. किसनरावांनी बोटानं कांदा मागितला आणि पोटभर जेवले. गोपिका हात धुवून आली तेव्हा तिला आई दिसेना. तिनं स्वयंपाकघरात पाहिलं, परसात पाहिलं. मग किसनरावांनीच ओठांवर बोट ठेवून खूण केली.

आनंदाबाई ओसरीच्या टोकाला, भिंतीशी, उशीबिशी न घेताच आडव्या झाल्या होत्या. एक हात डोक्याखाली, पदर अर्धा जमिनीवर, तोंड किंचित उघडं. भरदिवसा त्यांना झोपलेलं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. उन्हाची तिरीप सरकत त्यांच्या पायांपर्यंत आली, तशी कुसुमनं दारावर गोणपाट टांगलं. शेजारीण काही विचारायला आली होती, तिला गोपिकानं दारातूनच परत पाठवलं. किसनराव भिंतीला टेकून बायकोकडे पाहत बसले होते, आणि दिवेलागणीपर्यंत कुणी तिला उठवलं नाही.